क्लिनिकल रिसर्चमध्ये पीएच.डी. : पदवी हाती येईपर्यंत काय काय पूर्ण करावे लागते?

प्रश्न : कोऑर्डिनेटर, पुणे

नमस्कार. फार्मकॉलॉजी विषय घेऊन मी एम.फार्म. केले आणि त्यानंतर पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या संशोधन विभागात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून रुजू झाले. औषध कंपन्यांच्या चाचण्यांसाठी रुग्ण निकषांत बसतो की नाही हे तपासणे, संमती घेताना डॉक्टरांसोबत थांबणे, भेटींच्या तारखा सांभाळणे आणि मॉनिटर, म्हणजे कंपनीच्या वतीने काम तपासणारे, आल्यावर त्यांच्यासमोर सोर्स डॉक्युमेंट, म्हणजे रुग्णाच्या मूळ नोंदी, मांडणे हे माझे रोजचे काम आहे. आता नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करावी असा विचार पक्का होत आला आहे.

विषयही मनात आहे. आमच्या मधुमेहाच्या ओपीडीत येणारे कितीतरी रुग्ण एकदा साखर आटोक्यात आली की गोळ्या स्वतःहून कमी करतात किंवा बंदच करतात. फार्मासिस्टने दर महिन्याला वेळ देऊन नीट समजावून सांगितले, तर सहा महिन्यांनंतर औषधे नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण वाढते का, हे मला रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट करून पाहायचे आहे. यात नवे औषध कोठेही नाही. डॉक्टरांनी दिलेले उपचार जसेच्या तसे चालू राहतील.

चौकशी करताना प्रत्येकाकडून वेगळे उत्तर मिळते, म्हणून येथे विचारत आहे. अर्धवेळ विद्यार्थ्याला किती वर्षे मिळतात आणि कोर्सवर्क किती असते? प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून येणे बंधनकारक आहे का? रुग्णांवरील संशोधन नीतीला धरून आहे का हे पाहणाऱ्या एथिक्स कमिटीची परवानगी महाविद्यालयाच्या समितीकडून घ्यायची की रुग्णालयाच्या? केवळ पीएच.डी.चा अभ्यास असताना सीटीआरआयवर, म्हणजे क्लिनिकल चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी करावी लागते का? आमच्याकडे चाललेल्या प्रायोजित, म्हणजे औषध कंपन्यांच्या, चाचण्यांमधील माहिती प्रबंधासाठी वापरता येईल का? शिवाय परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पीएच.डी. दोन वर्षांत मिळवून देतो अशा जाहिराती सतत दिसतात. त्यांचा विचार करावा का?

उत्तर : फार्मसी महाविद्यालयातील गाइड

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्या जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक कंपन्या देऊ करतात त्या ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही, असे विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद (एआयसीटीई) यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये संयुक्तपणे जाहीर केले आहे. आपल्याकडे दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. करता येत नाही. अर्धवेळ पीएच.डी. मात्र पूर्णपणे नियमांत बसते. तिच्यासाठी नोकरी देणाऱ्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्या लागतात : तुम्हाला अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, तुमच्या कामाचे स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ देऊ शकेल असे आहे, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी तुम्हाला कामातून मोकळे केले जाईल. तिसरा मुद्दा लिहून द्यायला खासगी रुग्णालये का-कू करतात, म्हणून अर्ज भरण्याआधीच वरिष्ठांशी बोलून घ्या.

सध्या लागू असलेली यूजीसीची नियमावली ७ नोव्हेंबर २०२२ ची आहे. तिच्यानुसार कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षे आणि प्रवेशाच्या तारखेपासून कमाल सहा वर्षे मिळतात. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन वर्षे, म्हणजे एकूण आठ. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, मात्र एकूण कालावधी दहा वर्षांपलीकडे जात नाही. महिलांना संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजाही घेता येते. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असून त्यात संशोधनपद्धती आणि संशोधन व प्रकाशन नीती हे विषय असतात. त्यात किमान ५५ टक्के गुण किंवा समकक्ष श्रेणी मिळाल्याखेरीज पुढे जाता येत नाही. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर, म्हणजे आरएसीसमोर, कामाची प्रगती मांडावी लागते.

शोधनिबंधांबाबत गोंधळ होण्याचे कारण साधे आहे. २०१६ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी किमान एक निबंध छापून येणे आणि परिषदांमध्ये दोन सादरीकरणे करणे सक्तीचे होते. २०२२ मध्ये यूजीसीने ही सक्ती काढली. तरीही अनेक विद्यापीठांनी आपापल्या अध्यादेशात ती कायम ठेवली आहे, त्यामुळे ज्या विद्यापीठात प्रवेश घ्याल त्याच्या संकेतस्थळावरील चालू अध्यादेश स्वतः वाचा. वरच्या वर्गातील विद्यार्थी सांगतात ते बऱ्याचदा त्यांच्या तुकडीपुरतेच खरे असते. यूजीसीने मान्य नियतकालिकांची स्वतःची केअर यादीही २०२५ मध्ये बंद केली आहे. तेव्हा नियतकालिक पारखून घेण्याची जबाबदारी आता विद्यापीठावर, गाइडवर आणि तुमच्यावर आहे. पैसे भरले की पंधरा दिवसांत छापतो म्हणणाऱ्या नियतकालिकात सहा महिन्यांच्या पाठपुराव्याचे काम घालवू नका.

गाइड निवडताना त्यांच्याकडे जागा शिल्लक आहे का ते पाहा. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. तुमच्या विषयासाठी मी याहून महत्त्वाची मानतो ती गोष्ट वेगळी आहे. फार्मसी महाविद्यालयातील गाइडच्या हाती रुग्ण नसतात. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ सह-मार्गदर्शक म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत नसतील, तर सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मंजूर होऊनही तुमचा अभ्यास ओपीडीच्या दारातच अडेल. त्यांची लेखी संमती आरएसीपुढे जाण्याआधीच घ्या.

एक सूचना अशी, की यादृच्छिक चाचणीचा हट्ट धरू नका. औषधे नियमित न घेण्याची कारणे शोधणारा निरीक्षणात्मक अभ्यासही पीएच.डी.ला पुरेसा ठरतो, लवकर पूर्ण होतो आणि त्यात परवानग्यांचे टप्पेही कमी असतात.

उत्तर : एथिक्स कमिटीची सदस्य सचिव

मी एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीचे काम पाहते आणि पीएच.डी.चे प्रस्ताव आमच्याकडे नेमाने येतात. त्या अनुभवावरून सांगते, की विद्यापीठाची वर्षे मोजण्याआधी परवानग्यांचा क्रम समजून घ्या, कारण तो क्रम उलटा करता येत नाही.

ज्या ठिकाणी रुग्ण अभ्यासात घेतले जाणार, त्या ठिकाणच्या एथिक्स कमिटीची मंजुरी अनिवार्य आहे. विद्यापीठ किंवा महाविद्यालय स्वतःच्या समितीची मंजुरीही मागू शकते, पण ती रुग्णालयाच्या मंजुरीची जागा घेऊ शकत नाही. समितीची नोंदणी चालू आहे ना, हे आधी पाहा. नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम १९ मार्च २०१९ रोजी लागू झाले. त्यांच्यानुसार नव्या औषधांच्या चाचण्या तपासणाऱ्या समितीची नोंदणी सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियामकाकडे लागते आणि जैववैद्यकीय व आरोग्य संशोधन तपासणाऱ्या समितीची नोंदणी आरोग्य संशोधन विभागाकडे. प्रायोजित चाचण्या चालणाऱ्या रुग्णालयाकडे पहिली नोंदणी असते, पण दुसरी नसल्याचे किंवा तिची मुदत संपल्याचे अगदी बैठकीच्या तोंडावर लक्षात येते. तुमचा अभ्यास दुसऱ्या प्रकारात मोडतो.

मंजुरीपूर्वी घेतलेल्या रुग्णांना नंतर मंजुरी देता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची राष्ट्रीय नीतितत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. "फक्त प्रश्नावलीच भरून घेतली होती" हे कारणही चालत नाही. मंजूर झालेल्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी योजनेत, बदल करायचा असेल, अगदी प्रश्नावलीत दोन प्रश्न वाढवायचे असतील, तरी आधी समितीकडे यावे लागते, आणि दर वर्षी प्रगतीचा अहवाल देऊन मंजुरी पुढे चालू ठेवावी लागते. तुमचे गाइड किंवा सह-मार्गदर्शक समितीचे सदस्य असतील, तर तुमचा प्रस्ताव चर्चेला येताच त्यांनी बैठकीतून बाहेर जायचे असते आणि तशी नोंद इतिवृत्तात असायला हवी.

आता सीटीआरआय. तुमच्या अभ्यासात औषध नसले तरी तुम्ही एका गटाला काहीतरी वेगळे देत आहात आणि त्याचा परिणाम मोजत आहात. समुपदेशन हा हस्तक्षेपच आहे, म्हणून नोंदणी करा. ही नोंदवही जुलै २००७ पासून आयसीएमआरकडे चालते, नोंदणीला शुल्क नाही, आणि पदव्युत्तर प्रबंधासाठीचा अभ्यास असल्यास तसे नमूद करण्याची सोयही अर्जात आहे. १ एप्रिल २०१८ पासून तेथे पहिला रुग्ण घेण्याआधीचीच नोंदणी स्वीकारली जाते. एथिक्स कमिटीचे मंजुरीपत्र अपलोड करावे लागते, त्यामुळे आधी समिती, मग सीटीआरआय आणि त्यानंतर पहिला रुग्ण, असाच क्रम राहतो. अर्जावर त्यांच्याकडून शंका येतात, त्यांना उत्तरे द्यावी लागतात आणि त्यात काही आठवडे जाऊ शकतात. नोंदणी क्रमांक हाती येईपर्यंत एकही संमतिपत्र भरून घेऊ नका. अनेक चांगली नियतकालिके आधी नोंदणी नसलेल्या चाचणीचा निबंध विचारातच घेत नाहीत.

औषध महानियंत्रकांच्या परवानगीची गरज तुम्हाला नाही. पुढे कोणी बाजारात असलेल्या औषधाचा नवा उपयोग, नवी मात्रा किंवा देण्याचा नवा मार्ग केवळ शैक्षणिक हेतूने तपासणार असेल, तर २०१९ च्या नियमांतील शैक्षणिक चाचणीची तरतूद वाचावी. एथिक्स कमिटीची मंजुरी असेल आणि निष्कर्ष औषधाच्या परवान्यासाठी वापरायचे नसतील, तर तेथे वेगळी परवानगी लागत नाही. शैक्षणिक हेतू आणि परवान्याचा हेतू एकमेकांत मिसळत असल्याची शंका आली, तर समिती नियामकाला कळवते आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगीची गरज नाही असे धरले जाते.

तुमच्या प्रस्तावात आमची समिती सर्वांत आधी तुलनेच्या गटाबद्दल विचारेल. आज ओपीडीत जे काही समजावून सांगितले जाते, ते दुसऱ्या गटाला पूर्वीप्रमाणेच मिळत राहिले पाहिजे. फरक ठळक दिसावा म्हणून त्यांचे नेहमीचे मार्गदर्शन कमी करता येणार नाही. दुसरा प्रश्न जादा भेटींचा. एरवी तीन महिन्यांनी येणारा रुग्ण तुमच्यासाठी दर महिन्याला येणार असेल, तर त्याच्या प्रवासखर्चाची आणि बुडणाऱ्या रोजंदारीची तरतूद कोठे आहे, ते लिहा.

संमतीबद्दल थोडे सविस्तर लिहिते. प्रायोजित चाचणीत तुमच्यावर मॉनिटरचे लक्ष असते. स्वतःच्या अभ्यासात ते नसणार. मुळशी किंवा भोरकडून आलेली एखादी आजी सकाळपासून उपाशीपोटी रक्त देऊन बसलेली असते, दुपारची एसटी गाठायची असते, आणि आपण चार पानांचे माहितीपत्रक तिच्या हातात देतो. तिला वाचता येत नसेल, तर ते पूर्ण वाचून दाखवायचे, अंगठा घ्यायचा आणि संपूर्ण वेळ हजर असलेल्या निष्पक्ष साक्षीदाराची सही घ्यायची. तो साक्षीदार तुमच्या चमूतला नसावा. जवळच उभी असलेली अभ्यासाची परिचारिका पटकन सही करते, तसे चालत नाही. सहीखालची तारीख सही करणाऱ्याने स्वतः लिहायची. माहितीपत्रकाची आणि संमतिपत्राची प्रत आजीच्या हाती द्यायची. घाई असेल तर तिला पुढच्या भेटीत विचारा. तेवढ्याने तुमचा एक रुग्ण कमी झाला तरी हरकत नाही. नकार दिला तर उपचारांत काहीही फरक पडणार नाही, हे डॉक्टरांच्या केबिनबाहेर आणि शांतपणे सांगितले, तरच त्यावर विश्वास बसतो.

उत्तर : जैवसंख्याशास्त्र शिकवणारा

गाइड सरांच्या शेवटच्या सूचनेशी मी सहमत नाही. औषधे नियमित न घेण्याची कारणे सांगणारे निरीक्षणात्मक अभ्यास आपल्याकडे भरपूर झाले आहेत. प्रश्नकर्तीने जो प्रश्न घेतला आहे त्याचे उत्तर दोन गटांच्या तुलनेखेरीज मिळणार नाही, आणि ती रोज चाचण्यांचेच काम करते. मात्र चाचणी करायची तर ती झेपणारी असायला हवी, यासाठी आकडे मांडून दाखवतो.

समजा, आज तुमच्या ओपीडीत ५० टक्के रुग्ण औषधे नियमित घेतात आणि समुपदेशनाने हे प्रमाण ६५ टक्के व्हावे अशी अपेक्षा आहे. ५ टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरली तर प्रत्येक गटात १६७ रुग्ण लागतात. सहा महिन्यांत २० टक्के रुग्ण गळतील असे गृहीत धरले तर प्रत्येकी २०९, म्हणजे एकूण ४१८. आठवड्याला निकषांत बसणारे आणि संमती देणारे पाच रुग्ण मिळाले, तर केवळ भरतीला सुमारे ८४ आठवडे लागतील. शेवटच्या रुग्णाचा सहा महिन्यांचा पाठपुरावा त्यानंतर, म्हणजे दोन वर्षांहून थोडे अधिक. आता अपेक्षित फरक १५ ऐवजी १० टक्के धरून पाहा. प्रत्येक गटात ३८५, गळती धरून ४८२, एकूण ९६४. त्याच वेगाने भरतीलाच पावणेचार वर्षांच्या आसपास लागतील. त्यात कोर्सवर्क, परवानग्या, विश्लेषण आणि लेखन मिळवा, आणि सहा वर्षांत काय उरते ते पाहा.

म्हणून प्रवेश घेण्याआधी, एथिक्स कमिटीला विचारून, ओपीडीच्या नोंदींतून आठवड्याला किती रुग्ण निकषांत बसतात ते मोजा. ओपीडीतली गर्दी पाहून केलेला अंदाज फसतो. निकष लावले, दुसऱ्या गावचे वगळले आणि संमती न देणारे वजा केले की फार थोडे उरतात. वेळेत बसावे म्हणून अपेक्षित फरक फुगवून धरू नका. पंधरा टक्के सुधारणा कोणत्या आधारावर धरली, हे मौखिक परीक्षेत नक्की विचारतात, आणि रुग्णसंख्या तोकडी पडलेल्या चाचणीत शेकडो लोकांनी दिलेला वेळ कोणत्याही उत्तराविना जातो.

दुसरी अडचण ओपीडीच्या रचनेत आहे. दोन्ही गटांतले रुग्ण एकाच बाकावर बसणार, एकमेकांशी बोलणार, आणि औषधे देणारा फार्मासिस्टही एकच असणार. समुपदेशन दुसऱ्या गटात झिरपले की फरक पुसट होतो. रुग्णांऐवजी ओपीडीचे दिवस यादृच्छिक पद्धतीने वाटले तर हे टळते, पण एका दिवसाचे रुग्ण एकमेकांसारखे असण्याची शक्यता असल्याने संख्या वाढवावी लागते. एका दिवसाचे २० रुग्ण आणि त्यांच्यातील साम्याचा सहगुणक ०.०२ धरला, तर १.३८ ने गुणायचे. १६७ चे २३१ होतात आणि गळती धरून २८९. दोन्ही पर्याय आरएसीपुढे मांडा आणि निवडीचे कारण लिहून ठेवा.

मुख्य निष्पत्ती, म्हणजे मोजायचा मुख्य परिणाम, एकच ठेवा आणि सीटीआरआयवर जी लिहिली तीच प्रबंधात तपासा. गोळ्या मोजून, औषधे पुन्हा नेल्याच्या नोंदींवरून आणि प्रश्नावलीवरून असे नियमितपणा तपासण्याचे तीन मार्ग आहेत. यांतला मुख्य कोणता ते आधी ठरले पाहिजे. एचबीए१सी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, दुय्यम ठेवता येईल. औषधे नियमित घेतली जातात का हे विचारणारी मोरिस्की प्रश्नावली वापरणार असाल तर तिचा लेखी परवाना आधी घ्या. ती कॉपीराइटखाली आहे आणि परवान्याविना वापरल्यामुळे छापून आलेले निबंध मागे घ्यावे लागले आहेत.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : कोऑर्डिनेटर, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. रुग्णसंख्येचे गणित पाहिल्यावर माझा वेळेचा अंदाज पूर्ण बदलला. आमच्या मधुमेहतज्ज्ञ मॅडम सह-मार्गदर्शक होण्यास तयार आहेत. रुग्णालयाच्या समितीची आरोग्य संशोधन विभागाकडील नोंदणी चालू आहे का, ते मी विचारणार आहे.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. प्रायोजित चाचण्यांमधील माहिती वापरण्याबद्दल कोणी लिहिलेले नाही. आणि प्रश्नावली तपासून पाहण्यासाठी मी आधी ३० रुग्णांवर पायलट, म्हणजे छोटा पूर्व-अभ्यास, करणार आहे. ते रुग्ण पुढे मुख्य अभ्यासात मोजले तर चालतील का? तेवढीच भरती कमी करावी लागेल.

उत्तर : नुकतीच पीएच.डी. झालेला

मीही नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी. केली, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. प्रायोजित चाचणीतील माहिती तुमच्या रुग्णालयात गोळा होत असली, तरी ती कोणी कशी वापरायची हे प्रायोजकाबरोबरच्या करारात, म्हणजे क्लिनिकल ट्रायल ॲग्रीमेंटमध्ये, ठरलेले असते आणि साधारणतः तो हक्क प्रायोजकाकडे असतो. प्रमुख संशोधकांनी तोंडी "घे" म्हटले तरी त्याला अर्थ नाही. शिवाय रुग्णाने त्या चाचणीसाठी संमती दिली आहे, तुमच्या प्रबंधासाठी दिलेली नाही. प्रायोजकाची लेखी परवानगी आणि एथिक्स कमिटीची वेगळी मंजुरी अशा दोन्ही मिळाल्या तरच तो मार्ग खुला होतो, आणि माझ्या माहितीतील बहुतेकांना पहिलीच मिळाली नाही. तुमचा विषय स्वतंत्र आहे, तो तसाच राहू द्या.

कामाच्या सवयी मात्र प्रायोजित चाचणीच्याच ठेवा. चूक झाली तर त्यावर एकच आडवी रेघ, शेजारी योग्य नोंद, सही आणि तारीख. खाडाखोड नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही. कोणाला कोणते काम सोपवले आहे त्याची सह्यांसह नोंदवही, संमतिपत्रांची स्वतंत्र कुलूपबंद फाइल, आणि रुग्णाचे नाव व अभ्यास क्रमांक यांची जोडणी करणारी यादी बाकी माहितीपासून वेगळी. निकषांसाठी तपासलेला प्रत्येक रुग्ण पहिल्या दिवसापासून स्क्रीनिंग लॉगमध्ये आला पाहिजे. किती तपासले, किती वगळले आणि का, किती जणांनी नकार दिला, किती मध्येच सोडून गेले, हे आकडे कॉन्सॉर्ट या चाचणीच्या अहवाललेखनाच्या मार्गदर्शक सूचनांतील आराखड्यात द्यावे लागतात आणि आठवणीतून ते कधीच जुळत नाहीत. माझ्या मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षकांनी प्रबंध उघडून पहिला प्रश्न त्याच पानावर विचारला.

प्रबंध सादर होण्याआधी आरएसीसमोर खुले सादरीकरण होते. मग साहित्यचौर्य तपासणी. २०१८ च्या यूजीसी नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर कारवाई नाही. १० ते ४० टक्के असल्यास प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्ष सादर करता येत नाही. त्यापलीकडे नोंदणीच रद्द होते. पद्धतीच्या प्रकरणात इतरांची वाक्ये उचलण्याची सवय सर्वांत जास्त नडते, म्हणून ते प्रकरण प्रोटोकॉल डोळ्यांसमोर ठेवून स्वतःच्या शब्दांत लिहा. त्यानंतर प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो, अहवाल समाधानकारक आल्यावर खुली मौखिक परीक्षा होते, आणि सादर केल्यापासून सहा महिन्यांत विद्यापीठाने ही सारी प्रक्रिया पूर्ण करायची असते. अंतिम प्रत यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे जाते आणि शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधसंग्रहावर सर्वांना वाचायला मिळते. त्यात रुग्णाचे आद्याक्षर, नोंदणी क्रमांक किंवा ओळख पटेल असे छायाचित्र राहिलेले नाही, हे परिशिष्टांसकट शेवटचे एकदा तपासा. भरलेल्या संमतिपत्राचा नमुना परिशिष्टात जोडण्याची चूक अनेकांकडून होते. तेथे कोरा नमुनाच जोडायचा.

उत्तर : एथिक्स कमिटीची सदस्य सचिव

पायलटबद्दल सांगते. ३० रुग्णांकडून केवळ प्रश्नावली भरून घेऊन भाषा कळते का ते पाहणार असाल, तरी तेवढ्या भागालाही समितीची मंजुरी हवी, आणि त्यांना मुख्य अभ्यासात धरू नये, कारण त्यानंतर तुम्ही प्रश्नावली बदलणार आहात. पायलटमध्येच दोन गट करून समुपदेशनही देणार असाल, तर ती चाचणीच झाली आणि तिलाही सीटीआरआयची नोंदणी आधी लागेल.

पायलटचे रुग्ण मुख्य अभ्यासात मोजण्याची एक मान्य पद्धत आहे. ती वापरायची असेल, तर पहिले अमुक रुग्ण अंतर्गत पायलट म्हणून घेणार, त्यावरून फक्त भरतीचा वेग आणि गळती तपासणार, दोन गटांची तुलना करणार नाही आणि प्रोटोकॉलमध्ये बदल झाला नाही तरच त्यांना अंतिम विश्लेषणात धरणार, असे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहिलेले असले पाहिजे. संख्याशास्त्राच्या सरांकडून तो परिच्छेद तपासून घ्या आणि मगच प्रस्ताव समितीकडे पाठवा. प्रस्तावासोबत प्रोटोकॉल, मराठी व हिंदी माहितीपत्रक आणि संमतिपत्र, त्यांच्या उलट भाषांतराचे (मूळ भाषेत पुन्हा केलेल्या भाषांतराचे) प्रमाणपत्र, प्रश्नावलीचा परवाना, सर्व संशोधकांचे बायोडेटा आणि सध्या वैध असलेली जीसीपी, म्हणजे चाचण्यांच्या योग्य कार्यपद्धतीच्या, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे जोडा. प्रवासखर्चाची रक्कम माहितीपत्रकात आकड्यात लिहा, "योग्य तो खर्च" असे मोघम नको.